बाहत्तर साल कुठल्या विषयात येते?

भाचीचा पहिला पगार झाला त्या संध्याकाळी तिने मला पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवला. हिंजवडीला नोकरी, घरातली पहिली इंजिनिअर, सगळ्यांना कौतुक. फोटोखाली प्रश्न होता, "मामा, पीएफ कळला, टीडीएस कळला. हा प्रोफेशनल टॅक्स कसला? दोनशे रुपये."

मी फोन लावला. म्हटले, "फेब्रुवारीत तीनशे कापतील. वर्षाचे अडीच हजार. तुझ्या आजीने बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली ना, त्यातून आलेला कर आहे हा."

"आजीच्या खडीचा नि माझ्या पगाराचा काय संबंध?"

तो संबंध सांगण्यात पाऊण तास गेला. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण मलाही तो चाळिशीच्या आसपास कळला होता. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो. शिवकाळ लिहिला, पेशवाई लिहिली, १८५७ लिहिले, टिळक-गांधी लिहिले. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे अजून अर्ध्या झोपेत सांगू शकेन. पण ज्या दुष्काळात माझा जन्म झाला, ज्याच्यामुळे माझ्या आईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मजुरीचे पैसे आले, त्याच्यावर तीन वर्षांत एकाही पेपरात एक प्रश्न आला नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला आमचा इतिहास संपत असे. त्याच्या पुढचे सगळे नागरिकशास्त्र.

आता राज्याच्या नववीच्या पुस्तकात स्वातंत्र्यानंतरचा भारत आला आहे. फार चांगले झाले. पण तो ज्या पद्धतीने शिकवला जातो त्याबद्दल मला बोलायचे आहे. राजकारण एका धड्यात, अर्थव्यवस्था दुसऱ्यात, सामाजिक चळवळी तिसऱ्यात, अशा तीन डब्यांत घातला की आधुनिक इतिहास समजत नाही. माणसे तीन डब्यांत जगत नाहीत. आणि हा इतिहास दिल्लीपासून खाली उतरत शिकण्यापेक्षा आपल्या गावच्या एखाद्या सालापासून वर चढत शिकावा, असे माझे ठाम मत आहे. मी बाहत्तर साल, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाचे साल, घेतो.

आमचे गाव सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांच्या शिवेवरचे. सत्तर सालापासूनच पाऊस ओढ देत होता, बाहत्तरला तो जवळजवळ आलाच नाही. राज्यातले धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्याखाली गेले. आई तेव्हा वीस वर्षांची होती, लग्न होऊन दोन वर्षे झालेली. ती सांगते, "सकाळी हजेरी. मुकादम नाव पुकारायचा. गडी खणायचे, आम्ही घमेली वाहायची. खडीचं काम निघालं की ब्रासावर पैसे. ब्रास भरला न्हाई तर पैसे तुटायचे. दुपारच्याला सुकडी मिळायची. मिलोची भाकर तव्यावर जायच्या आधीच फुटायची, तांबडीलाल." सुकडी म्हणजे कामावर वाटले जाणारे कोरडे पौष्टिक खाणे, मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एवढी खडी हातोडीने फोडायला किती दिवस लागतात ते ती हाताची बोटे दाखवून सांगते. डाव्या हाताच्या तर्जनीचे नख तेव्हापासून वाकडे आहे.

मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. त्यात बायका मोठ्या संख्येने. १९४३ च्या बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने गेली. १८७६-७८ च्या दुष्काळात याच दख्खनमध्ये गावे ओस पडली. मग बाहत्तरला तसे का झाले नाही? अर्थशास्त्रज्ञ जाँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळ आणि भूक यांवर जे काम केले त्यात महाराष्ट्राचे हे उदाहरण महत्त्वाचे आहे. जगाने अभ्यासलेली गोष्ट आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मात्र ठाऊक नाही.

उत्तर अर्थशास्त्रात शोधावे तर तिथे अर्धेच सापडते. पाऊस गेला, पीक गेले, काम गेले, म्हणून सरकारने काम काढून हातात पैसा दिला, हे झाले अर्थशास्त्र. दुष्काळी कामे इंग्रजही काढत होते, त्यांची त्यासाठी नियमावली होती. फरक असा की आता समोर मत देणारी माणसे होती. शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी असे सगळे गावोगाव दुष्काळी मजुरांच्या सभा घेत होते, तहसीलवर मोर्चे नेत होते, काम उशिरा काढले किंवा मजुरी थकली की संप करत होते. विधानसभेत रोज प्रश्न येत होते. आई म्हणते, "लाल बावट्याची माणसं आली की दुसऱ्या दिवशी पगार व्हायचा." हे वाक्य मला कुठल्याही ग्रंथात मिळाले नसते. त्याच्यात राजकारण आहे, अर्थकारण आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा तहसीलच्या पायरीवर बसलेली एक सून आहे.

मग दुसरा प्रश्न. दुष्काळ ओसरला की कामे बंद करायची, हा जुना शिरस्ता. इथे तसे झाले नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे या कल्पनेमागे आधीपासून लागले होते. त्यांच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, त्याचा लहान प्रयोगही झाला होता. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला होता आणि ग्रामीण भागात सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा असे सुचवले होते. म्हणजे विचार तयार होता, माणूस तयार होता, दुष्काळाने वेळ आणली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये संसदेने देशासाठी तसा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदाराच्या पगारातून कापायचा, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची. बाकीचेही काही कर आणि अधिभार होते, पण लोकांच्या रोजच्या व्यवहारात राहिला तो हाच. भाचीच्या स्लिपवरचे दोनशे रुपये ते हे.

शहरातल्या पगारदारावर कर बसवून खेड्यात काम काढायला सरकार तयार कसे झाले, हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मार्च १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. या पक्षाची मुळे खेड्यात, साखर कारखान्यांत, जिल्हा बँकांत, पंचायत समित्यांत होती. पैसा शहरातून येणार, कामे खेड्यात निघणार, पाझर तलावाने खालच्या विहिरींना पाणी वाढणार. भूमिहीनाला मजुरी, बागायतदाराला पाणी. म्हणून हमीला विरोध करणारा कोणी ताकदवान गट खेड्यात उरला नाही. आमच्या गावाबाहेरच्या तलावावर आईने आठ महिने घमेली वाहिली. आमची जमीन तलावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड. त्या तलावाच्या खाली पुढे ज्यांच्या विहिरी भरल्या, तिथे ऊस आला. तलाव बांधणारे हात आणि तलावाचे पाणी पिणारी शेते वेगवेगळी होती. योजना वाईट होती असे मला म्हणायचे नाही. ती नसती तर आई जगली असती का, मला माहीत नाही. पण तिच्यातून कोणाला मजुरी मिळाली आणि कोणाला मालमत्ता, हे दोन्ही एका वेळी दिसल्याशिवाय पुढच्या पन्नास वर्षांचा महाराष्ट्र समजत नाही.

याच सालात आणखी काय काय घडले ते बघा. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित स्त्रियांवर अत्याचार झाला. त्याच सुमारास इंदापूर तालुक्यात बावड्याला दलितांवर बहिष्कार होता. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर ही दलित तरुणांची संघटना उभी राहिली. १५ ऑगस्टला स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली आणि पँथरचे राजा ढाले यांच्या लेखावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम त्याच वर्षी काढली. शहाद्याला आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना त्याच वर्षी बांधली गेली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या त्याही याच दिवसांत. विदर्भात कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा ही पद्धत, सुरू झाली तीही याच हंगामात.

पुस्तकांत यातले पँथर दलित चळवळीच्या प्रकरणात असते. लाटणे मोर्चा स्त्री चळवळीच्या. एकाधिकार खरेदी कृषी धोरणात. आणि दुष्काळ भूगोलात! पण विहीर आटत चालली की विहिरीवर कोणी यायचे याचा तंटा जास्त कडवा होतो. खेड्यात ज्वारी नाही तर गिरगावातल्या रेशनच्या रांगेतही ती नाही, आणि मग रांगेतली बाई लाटणे उचलते. गाव सोडून मुंबईला गेलेली माणसे ज्या वस्त्यांत टेकतात तिथे आधीच तरुण पोरे नोकरीवाचून बसलेली असतात. दुष्काळातून पँथर जन्मली असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे त्या चळवळीवर अन्याय होईल, तिची मुळे आंबेडकरी विचारात आणि फार जुन्या दुःखात आहेत. पण एका गावच्या आटलेल्या विहिरीभोवती जात, पाणी, मजुरी आणि मत ही चारही एकाच दिवशी उभी होती. ब्राह्मणगाव शिकवताना त्या वर्षीचा पाऊस सांगायचाच नाही, आणि दुष्काळ शिकवताना ब्राह्मणगाव सांगायचे नाही, हे मला पटत नाही.

स्पर्धा परीक्षेची पोरे माझ्या ओळखीची आहेत. जिद्दीने अभ्यास करतात. त्यांना 'रोजगार हमी योजनेचे जनक' विचारा, 'वि. स. पागे' हे उत्तर पापणी लवायच्या आत येते. साल विचारा, येते. पण योजना त्याच वर्षी का आली, तिचा पैसा कोणी दिला, तिचे पाणी कोणाच्या शेतात गेले, असे विचारले की ती गोंधळतात. यात त्यांचा दोष नाही. एका ओळीचे उत्तर मागणाऱ्या परीक्षेने त्यांना एका ओळीचा इतिहास दिला आहे. उद्या यातलीच कोणी तहसीलदार होतील, गटविकास अधिकारी होतील, दुष्काळाची आणेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, त्यांच्या हाताखालून जाईल.

आपल्याकडे असे तुकडे पाडून बघायची सवय पूर्वी नव्हती, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जाची खतपत्रे काढून जाळली. दंगल पुणे-नगर भागात पसरली, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा आला. या दंग्याचे एक टोक अमेरिकेत होते. तिथे १८६१ ते १८६५ यादवी चालली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, भाव चढले, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने सारा वाढवला. कर्ज तेवढे राहिले. त्या काळात न्यायमूर्ती रानडे आणि पुण्याची सार्वजनिक सभा हे सगळे एकत्रच वाचत होते. १८७६ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. जोतीराव फुले शेतकऱ्याच्या दैन्याबद्दल लिहीत होते तेव्हा सारा, जात, भटशाही आणि कचेरीतला कारकून हे त्यांच्या लेखी एकाच प्रश्नाचे भाग होते. दोघांचे मतभेद तीव्र होते. पण राजकारण निराळे आणि पोट निराळे, असे दोघांपैकी कोणीच मानले नाही.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणाऱ्या आक्षेपाकडे येतो. लोक म्हणतात, हा इतिहास फार जवळचा आहे. माणसे हयात आहेत, त्यांची नातवंडे आमदार आहेत. शिकवायला गेलात तर वर्गात भांडणे लागतील. अजून पन्नास वर्षे जाऊ द्या, धूळ खाली बसू द्या.

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण मी ते भांडण पाहिले आहे. माझ्या एका मित्राच्या घरी 'आमची जमीन कुळात गेली', म्हणजे ती कसणाऱ्या कुळाच्या मालकीची झाली, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले. त्याच्या आजोबांना १९४८ च्या जाळपोळीनंतर गाव सोडावे लागले. गांधीजींची हत्या झाली, तिच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी जातीमुळे घर पेटले. सगळे साताऱ्याला, पुढे पुण्याला आले. मागे राहिलेली जमीन कुळाने कसली. माझ्या दुसऱ्या एका मित्राच्या घरी त्याच सालातली गोष्ट 'आम्हाला जमीन मिळाली' अशी सांगतात. त्याच्या आजोबांचे घराणे तीन पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबले होते. १९४८ चा कूळ कायदा, १९५६ ची दुरुस्ती, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, या दिवशी कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला.

दोन्ही घरे खरे बोलतात. आणि दोन्ही खरेपण एकाच कागदावर आहे. गावच्या फेरफार रजिस्टरला, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहायच्या वहीत, कूळ कायद्याच्या कलमाने '३२ ग प्रमाणे किंमत ठरली' अशी नोंद असते. मग पैसे भरल्याची. मग सातबाऱ्यावर नाव बदलते. तारीख, रक्कम, तलाठ्याची सही, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याचा शेरा. एका घराच्या दृष्टीने तो आयुष्याचा शेवट, दुसऱ्याच्या दृष्टीने सुरुवात. काही ठिकाणी मालक विधवा बाई होती, तिच्यासाठी कायद्यात वेगळी सवलत होती, ती किती जणींना मिळाली, किती जणींना दिराने फसवले, किती कुळांना मालकाने आधीच रानातून काढून 'स्वखुशीने सोडले' असे लिहून घेतले, हे सगळे त्या रजिस्टरांत आहे. आणि गावात ज्याला कूळ म्हणूनही कधी रान मिळाले नाही, तो या दोन्ही कथांमध्ये नाही. गावकीच्या कामाबद्दल दिलेल्या वतनाच्या जमिनींची कहाणी आणखी वेगळी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले; कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये आला. मधली तीस वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची?

मी या दोन मित्रांना एकदा समोरासमोर बसवून फेरफाराची नक्कल वाचायला दिली होती. भांडण झाले नाही. दोघेही बराच वेळ रक्कम बघत राहिले. एकाला ती फार कमी वाटली. दुसऱ्याने सांगितले की तेवढे पैसे भरायला त्याच्या आजीने पाटल्या मोडल्या. धूळ पन्नास वर्षे थांबून खाली बसत नाही. तोवर गोष्टी घट्ट होतात, प्रत्येक घर आपली तेवढी पुढच्या पिढीला देते आणि कागद कोणी बघत नाही. व्हॉट्सअॅपवर जो इतिहास फिरतो तो याच मोकळ्या जागेत वाढला आहे. वर्गात न शिकवलेले साल मुले शिकत नाहीत असे थोडेच आहे? ती ते दुसरीकडून शिकतात.

म्हणून कागदांबद्दल बोलले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी एका सरकारी कार्यालयात बाहत्तर-त्र्याहत्तरची दुष्काळी कामांची मस्टरे, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, बघायला गेलो होतो. तिथला कर्मचारी भला माणूस होता. चहा दिला, रेकॉर्ड रूम उघडली, स्वतः शिडीवर चढला. सातबारे होते, फेरफार होते. मस्टरे नव्हती. त्याने समजावून सांगितले की अभिलेखांचे वर्ग असतात. अ वर्ग कायम ठेवायचा. ड वर्ग वर्षभरात नष्ट करायचा. मधल्यांना ठरावीक मुदत. मस्टरे कायमच्या वर्गात धरली गेली नव्हती, मुदत कधीच संपली होती, यादी करून नष्ट केली. नियमाप्रमाणे झाले होते. पन्नास लाख माणसांच्या अंगठ्यांचा तो एकमेव पुरावा, त्यातला आमच्या भागाचा तुकडा रद्दीत गेला होता, आणि कोणाचीच चूक नव्हती.

जमीन कोणाची हे सांगणारा कागद कायमचा आणि त्या जमिनीवर तलाव कोणी बांधला हे सांगणारा कागद मुदतीचा, या वर्गवारीत कोणाचा इतिहास टिकेल हे आधीच ठरून जाते. ज्याच्याकडे मालमत्ता नाही त्याची नोंद मजुरीच्या कागदावरच असते. तो गेला की तो माणूस इतिहासात कधी नव्हताच.

पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्यात सांभाळून ठेवले आहेत, आणि ते तसेच सांभाळले पाहिजेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उघडली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड उभे केले. त्यांच्यासाठी अठरावे शतक साधारण तेवढेच मागे होते, जेवढे आपल्यासाठी विसाव्या शतकाचे पहिले दिवस. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी कोण हिंडते आहे? विकास सोसायट्यांची इतिवृत्ते, दूध संघांची खाती, बंद पडलेल्या कारखान्यांची ऊसनोंद, गिरणगावातल्या चाळींच्या पावत्या. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतल्या किती जणांच्या घरी आज गिरणीचा पास उरला असेल?

कागदाची किंमत आपल्याला कळत नाही असेही नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभरच्या रेकॉर्ड रूम्स उघडल्या गेल्या. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. शाळेचे जुने जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही, निजामकाळातले दप्तर, सगळ्यांवरची धूळ झटकली गेली. आरक्षणाबद्दल कोणाची बाजू काहीही असो, त्या महिन्यांत प्रत्येक गावाने एक गोष्ट पाहिली: शंभर वर्षांपूर्वी कोणा मास्तराने लिहिलेला एक शब्द आज नातवाच्या प्रवेशापर्यंत पोचतो. महाराष्ट्राने २००५ मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही केला आहे. त्याचा आधार घेऊन मजुरीच्या, रेशनच्या, दुष्काळाच्या कागदांचे वर्ग पुन्हा तपासावेत, आणि नष्ट करायच्या आधी एक प्रत तरी जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावी, एवढी मागणी ग्रामसभांनी करायला काय हरकत आहे?

कॉलेजांना मी यापेक्षा सोपे काम सुचवतो. इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या तीन विभागांनी मिळून एका वर्षी एकच गाव आणि एकच साल घ्यावे. बाहत्तर घ्या, सत्तावन्न घ्या, मराठवाड्यात अठ्ठेचाळीस घ्या, कोकणात मनिऑर्डरींचे एखादे वर्ष घ्या. मुलांनी फेरफार वाचायला शिकावे. पर्जन्याचे आकडे मिळवावेत. त्या वर्षीच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या फायली बघाव्यात. आणि सत्तरीच्या पुढची माणसे आहेत तोवर त्यांच्यासमोर बसावे. शेवटचे काम सगळ्यात आधी करावे, कारण त्याला उशीर चालत नाही. बाहत्तरला वीस वर्षांची असलेली माणसे आज किती वयाची आहेत याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

दिवाळीत भाची गावाला आली होती. आजीजवळ बसून तिने फोनवर तासभर ध्वनिमुद्रण केले. मधेच तिने विचारले, "आजी, तुला किती मिळायचे दिवसाला?" आई म्हणाली, "दोन-अडीच. पर माझ्या हातात यायचे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तलावाकडे चाललो होतो, तेव्हा वाटेत जुन्या मुकादमाचा मुलगा भेटला. त्याने घरी बोलावले. त्याच्या वडिलांची एक खिशातली वही ट्रंकेत पडून होती, पोरे घर बांधायला काढणार म्हणून तो सगळे बाहेर काढत होता. सरकारी मस्टर नव्हे, मुकादमाने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली टिपणे. पेन्सिलीने रेघा मारलेल्या, रोजची हजेरी, घमेल्यांचा आकडा. बायकांची नावे नाहीत. सासऱ्याचे नाव आणि पुढे 'सून'. आमच्या आजोबांचे नाव दोन पानांवर सापडले, पुढे 'सून', पुढे उभ्या रेघा. मग एका महिन्यात एकवीस दिवस रेघा नाहीत आणि तिथे आडवे लिहिले आहे: 'बाळंत'. तो मी. बाविसाव्या दिवशी रेघ पुन्हा सुरू होते.

वही त्याने मला दिली. ती कुठे तरी नीट राहावी म्हणून मी दोन ठिकाणी विचारून आलो. एका जागी सांगितले की शंभर वर्षांच्या आतले हस्तलिखित आम्ही घेत नाही. दुसरीकडे विचारले की ही सरकारी की खासगी, सरकारी असेल तर खात्याचे पत्र लागेल. दोन्ही ठिकाणची माणसे अदबीने बोलली. वही सध्या माझ्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, वाळवीच्या भीतीने कापूर घालून ठेवली आहे. भाचीने सगळ्या पानांचे फोटो काढले आहेत आणि रेघा मोजत बसली आहे.